एक तास फिजिओथेरपीचा, तेवीस तास घराचे

अर्धांगवायूचा झटका आलेल्या माणसाला रुग्णालयातून घरी सोडतात, तेव्हा घरच्यांच्या हातात एक फाईल, औषधांची पिशवी आणि ‘फिजिओथेरपी चालू ठेवा’ एवढे एक वाक्य असते. पहिले दोन दिवस नातेवाइकांचे फोन घेण्यात आणि पलंग कोणत्या भिंतीला लावायचा या चर्चेत निघून जातात. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासण्यासाठी माणसाला उठवायचे कसे, हा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर फाईलमध्ये कुठेही सापडत नाही. मी पुण्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. शनिवार पेठेतल्या वाड्याचा अरुंद लाकडी जिना असो की धायरीतल्या सोसायटीचा सातवा मजला, दार उघडल्यावर विचारले जाणारे प्रश्न बहुतेक तेच असतात. मी एका घरी जास्तीत जास्त तासभर थांबते. उरलेले तेवीस तास घरच्यांचे असतात, आणि ते कसे घालवावेत याबद्दल हे लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक गैरसोयीची गोष्ट सांगितली पाहिजे. घरच्या माणसांना व्यायाम शिकवले की वेगळ्या फिजिओथेरपिस्टची गरज उरणार नाही, अशी आशा आपल्याकडे अनेकांना होती. ती तपासण्यासाठी भारतातल्या १४ रुग्णालयांत ‘अटेंड’ नावाची चाचणी झाली आणि २०१७ साली तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात १,२५० रुग्ण होते. जवळपास निम्म्यांच्या घरच्यांना रीतसर प्रशिक्षण दिले गेले, बाकीच्यांना नेहमीचे उपचार मिळाले. सहा महिन्यांनी मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, म्हणजे ४७ टक्के भरले. काहींनी यावरून घरच्यांच्या कष्टांना अर्थ नाही असा निष्कर्ष काढला, तो मला मान्य नाही. मला यातून एवढेच दिसते की सुनेला किंवा मुलाला अर्धवट फिजिओथेरपिस्ट करण्यात हशील नाही. घराचे काम वेगळे आहे: माणसाला आणखी इजा होऊ न देणे, दुबळा हात आणि पाय रोजच्या व्यवहारात गुंतवणे आणि त्याला घरातले माणूस म्हणून वागवणे. ही तिन्ही कामे बाहेरून तासाभरासाठी येणाऱ्याला जमत नाहीत.

गिळणे

इजा टाळण्याची सुरुवात पायापासून नव्हे, घशापासून करावी. झटका आल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत साधारण निम्म्या रुग्णांना गिळताना अडचण येते. अन्न किंवा पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेले की न्यूमोनिया होतो, आणि अर्धांगवायूतून वाचलेला माणूस त्या न्यूमोनियाने दगावू शकतो. आपल्या घरांत पातळ ते पचायला हलके आणि म्हणून सुरक्षित, अशी पक्की समजूत असते. त्यामुळे रुग्णाला पहिल्यांदा काय दिले जाते, तर चमच्याने पाणी, नारळपाणी, भाताची पेज किंवा वरणाचे वरचे पाणी. दुबळ्या घशासाठी नेमके हेच सर्वांत अवघड असते, कारण पातळ पदार्थ घशाचा स्नायू सावध होण्याआधीच खाली घसरतो. दाट आणि एकजीव पदार्थ सावकाश सरकतात: गुरगुट्या भात नीट घोटून, मुगाचे घट्ट वरण, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे, मऊ पिठले. पोहे, चुरमुरे, कोरडी भाकरी आणि रसातल्या फोडी, म्हणजे एकाच घासात घट्ट आणि पातळ असे दोन प्रकार, हे पुष्कळ पुढच्या टप्प्यावर द्यावे. नेमका कोणता दाटपणा चालेल हे, बोलण्याचे आणि गिळण्याचे उपचार करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडून एकदा तपासून घ्यावे. ही तपासणी झाली नसेल, तर रुग्णालयातून निघण्यापूर्वी ती मागून घ्यावी. संकोच करू नये.

भरवताना रुग्ण खुर्चीत किंवा पलंगावर पाठ सरळ ठेवून बसलेला असावा. उशा रचून अर्धवट आडवे केलेले चालत नाही. घास लहान असावा, एक घास पूर्ण गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्यावा, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास त्याला झोपवू नये. दुबळ्या बाजूच्या गालात अन्न साठून राहते आणि त्याचा रुग्णाला पत्ता नसतो, म्हणून जेवण झाल्यावर तोंड उघडून पाहावे आणि दात, जीभ, टाळू स्वच्छ करावेत. तोंडाच्या या स्वच्छतेमुळे न्यूमोनियाचा धोकाही कमी होतो. ठसका लागला तर घरचे घाबरतात, पण मला अधिक भीती वाटते ती ठसका न लागणाऱ्या रुग्णाची. घशाची संवेदना गेली असेल तर पाणी फुप्फुसात जाऊनही खोकला येत नाही. पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घुरघुरता येत असेल, जेवणानंतर ताप चढत असेल किंवा धाप लागत असेल, तर तोंडाने देणे थांबवून डॉक्टरांना कळवावे. नाकातून नळी घालावी लागणे म्हणजे शेवट जवळ आला असे समजण्याचेही कारण नाही. गिळण्याची क्रिया सुधारली की पुष्कळांची नळी निघते.

खांदा

आता ज्या चुकीबद्दल मी सर्वांत जास्त बोलते ती. माझ्या सासूबाईंना उजव्या बाजूचा झटका आला तेव्हा मी शिकून व्यवसायाला लागले होते, आणि तरीही ती चूक आमच्याच घरात घडली. मी कामाला बाहेर गेले असताना भेटायला आलेल्या एका भाच्याने मोठ्या प्रेमाने ‘चला मामी, गॅलरीत बसू’ म्हणत त्यांचा उजवा हात धरून त्यांना उभे केले. हाताला धरून उठवणे ही आपल्याकडे मदतीची आणि आदराची सर्वांत स्वाभाविक रीत आहे, त्यामुळे त्याला दोष तरी काय द्यायचा! त्या रात्रीपासून सासूबाईंचा खांदा दुखू लागला. पुढचे चार महिने हाताच्या व्यायामाचे नाव काढले की त्या तोंड फिरवत, आणि त्या हाताची जेवढी सुधारणा होऊ शकली असती तेवढी झाली नाही.

याचे कारण खांद्याच्या रचनेत आहे. खांद्याचा गोळा उथळ वाटीत बसलेला असतो आणि त्याला जागेवर धरून ठेवण्याचे बरेचसे काम स्नायू करतात. झटक्यानंतर हे स्नायू सैल पडले की हाताच्या वजनानेच गोळा खाली सरकू लागतो. खांद्याच्या वरच्या भागात बोट ठेवले तर तिथे खळगा लागतो. अशा हाताला ओढले की आतल्या ऊती ताणल्या किंवा फाटल्या जातात. म्हणून उठवताना, कुशीवर वळवताना, कपडे घालताना दुबळा हात ओढायचा नाही आणि काखेत हात घालून उचलायचेही नाही. बसलेले असताना तो हात मांडीवर लोंबकळू न देता उशीवर किंवा खुर्चीच्या रुंद हातावर ठेवावा. सदरा घालताना दुबळा हात आधी, काढताना शेवटी, एवढे लक्षात ठेवले तरी रोजची दोन वेळची ओढाताण वाचते. गडी आणून गरम तेलाने जोरात मालीश करणे आणि छताला कप्पी टांगून चांगल्या हाताने दुबळा हात डोक्यावर खेचणे हे दोन प्रकार घरात खूप चालतात. कप्पीबद्दल १९९० साली २८ रुग्णांवर झालेला एक छोटा अभ्यास आहे. त्यात कप्पीचा व्यायाम दिलेल्या गटात खांदेदुखीचे प्रमाण इतर गटांपेक्षा कितीतरी जास्त आढळले. मालिशीबाबत मी हलक्या हाताने तेल लावण्याला कधी हरकत घेत नाही, कारण त्यात स्पर्श असतो आणि तो हवा असतो. गरम पाण्याची पिशवी मात्र बधिर बाजूला ठेवू नये. फोड आल्यावरच कळते की पाणी किती गरम होते.

उठणे, बसणे, जिना

पलंगावरून खुर्चीत बसवताना खुर्ची रुग्णाच्या चांगल्या बाजूला, पलंगाला तिरकी लावून ठेवावी. हात असलेली जड लाकडी खुर्ची चांगली. प्लॅस्टिकची खुर्ची फरशीवर सरकते. रुग्णाला पलंगाच्या कडेवर आणून दोन्ही पावले जमिनीवर पूर्ण टेकवावीत आणि गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत. आपण समोर उभे राहून त्याच्या दुबळ्या गुडघ्याला आपल्या गुडघ्याने अटकाव द्यावा आणि कमरेला बांधलेला रुंद पट्टा किंवा घट्ट गुंडाळलेला पंचा दोन्ही हातांनी धरावा. मग त्याला पुढे वाकायला सांगावे. नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईपर्यंत वाकले की ढुंगण आपोआप उचलले जाते, आणि तुमच्या कमरेवर येणारे निम्मे ओझे कमी होते. ‘उठा, उठा’ असे ओरडून काही साधत नाही. ‘माझ्याकडे वाका’ म्हटल्याने साधते. रुग्णाला आपल्या गळ्यात हात घालू देऊ नये, कारण तोल गेला तर दोघेही पडतात.

लवकर हालचाल चांगली, पण याचीही मर्यादा संशोधनाने दाखवून दिली आहे. ‘ॲव्हर्ट’ या चाचणीत पाच देशांतल्या २,१०४ रुग्णांचा समावेश होता. झटक्यानंतर २४ तासांच्या आत ज्यांना वारंवार आणि जास्त वेळ उठवले-चालवले गेले, त्यांच्यात चांगली सुधारणा झालेल्यांचे प्रमाण ४६ टक्के होते, तर नेहमीच्या पद्धतीने उपचार मिळालेल्यांत ५० टक्के. पुढच्या विश्लेषणात एका वेळी थोडीशी पण दिवसातून अनेकदा केलेली हालचाल फायद्याची दिसली. म्हणून पहिल्या दिवशी अतिदक्षता विभागात जाऊन ‘अजून चालवत का नाहीत’ असा वाद घालू नये. आणि घरी आल्यावर सकाळी एकदाच तासभर दमवण्यापेक्षा दर दोन तासांनी पाच मिनिटे उभे करावे.

जुन्या घरांतल्या शहाबादी फरशीवर पाणी सांडले की ती किती निसरडी होते हे पुणेकरांना सांगायला नको. मोरीत पाट किंवा चौरंगाऐवजी रबरी बुडाची, पाठ असलेली खुर्ची ठेवावी, चांगल्या हाताच्या बाजूला भिंतीत दांडी बसवून घ्यावी आणि पायपुसणी, सतरंज्या काही महिन्यांसाठी गुंडाळून ठेवाव्यात. काठी चांगल्या हातात धरायची असते, दुबळ्या नव्हे. जिना चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुबळा पाय आधी खाली. सोबत करणाऱ्याने दोन्ही वेळा रुग्णाच्या खालच्या बाजूला राहावे.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी आणि टाचा गादीवर टेकणार नाहीत अशी पिंडरीखाली उशी द्यावी. हवेची गोल रिंग बसायला देऊ नये. तिच्या कडेचा दाब उलट आजूबाजूचा रक्तपुरवठा तोडतो. लाल झालेल्या जागेवर स्पिरिट आणि पावडर चोळण्याची जुनी पद्धतही सोडून द्यावी.

हात कामाला लावणे

एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने माकडांवर केलेल्या प्रयोगांत एक विलक्षण गोष्ट पाहिली होती. एका हाताची संवेदना गेलेले माकड तो हात हलवू शकत असूनही वापरत नसे. सुरुवातीला प्रयत्न फसल्यामुळे ते न वापरणेच शिकलेले असे. चांगला हात बांधून ठेवला की तोच हात पुन्हा कामाला लागे. माणसांमध्येही हेच घडते, आणि आपल्या घरांत त्याला मायेची जोड मिळते. पाण्याचा पेला रुग्णाने हात पुढे करण्याआधी ओठांशी येतो, चपलेचा पट्टा कुणीतरी लावून देतो. सहा महिन्यांनी हात थोडा हलत असतो, पण तो काही करत नाही.

चांगला हात जाड हातमोज्यात अडकवून दुबळ्याला कामाला लावण्याच्या उपचाराची मोठी चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. झटक्यानंतर तीन ते नऊ महिने उलटलेल्या २२२ रुग्णांपैकी ज्यांनी दोन आठवडे हा उपचार घेतला, त्यांचा हात वर्षभरानंतरही तुलनेने अधिक कामाचा राहिला. पण हा उपचार मनगट आणि बोटे थोडी तरी वर उचलता येणाऱ्यांसाठीच आहे. पूर्ण लुळ्या हाताच्या माणसाचा चांगला हात बांधून ठेवणे हा छळ होईल, म्हणून तज्ज्ञाने तपासल्याशिवाय तो करू नये.

साध्या घरगुती रूपात मात्र हे तत्त्व प्रत्येकाला वापरता येते. दुबळा हात काहीच करू शकत नसेल तर त्याने निदान ताट दाबून धरावे. थोडी पकड आली की मटार सोलताना शेंग त्या हातात, निवडायच्या तांदळाचे ताट त्या बाजूला, आणि वर्तमानपत्राचे पान उलटायचे ते त्याच हाताने. वेळ लागतो. ‘राहू द्या, मी करते’ हे वाक्य जिभेवर येईल तेव्हा मनात वीस आकडे मोजावेत. भेटायला येणारे हमखास जो रबरी चेंडू आणतात, तो मी बहुतेक घरांत कपाटात ठेवायला लावते: आखडलेल्या हाताला मूठ आवळण्याची नव्हे, ती उघडण्याची अडचण असते, म्हणून पेला सोडणे, कपड्यांचा चिमटा उघडून दोरीवरून काढणे, टेबलावर पंजा सपाट पसरून त्यावर भार देणे हे व्यायाम अधिक उपयोगी ठरतात.

ताटाची डावी बाजू

कर्वेनगरमधल्या एका घरी आजोबांचा झटका मेंदूच्या उजव्या भागातला होता; हा भाग शरीराची डावी बाजू सांभाळतो. त्यांची सून मला म्हणाली, ‘बाबांना कोशिंबीर आणि चटणी इतकी आवडायची, आता शिवतसुद्धा नाहीत.’ मी जेवणाच्या वेळी थांबून पाहिले. उजवीकडची भाजी-आमटी संपली होती, भाताची मूद उजव्या अंगाने सुरीने कापल्यासारखी अर्धी खाल्लेली होती, आणि डावीकडचे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर जशीच्या तशी होती. मी ताट अर्धे फिरवले. आजोबांनी कोशिंबीर संपवली आणि ‘आज उशिरा वाढली’ अशी तक्रार केली.

त्यांची नजर शाबूत होती, पण मेंदूला डावी बाजू अस्तित्वात आहे याचेच भान उरले नव्हते. अशा रुग्णाच्या गालाची डावी बाजू दाढी करताना सुटते, डावा हात खुर्चीच्या चाकात अडकतो, आणि तो दाराच्या डाव्या चौकटीवर आदळतो. घरच्यांना तो हट्टी किंवा विसराळू वाटतो. पाण्याचा तांब्या आणि हाक मारायची घंटी त्याला भान असलेल्या बाजूला ठेवावी, मात्र गप्पा मारताना हळूहळू दुसऱ्या बाजूला बसावे आणि तिकडे मान वळवायला लावावे. ताटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावून ‘लाल दिसेपर्यंत बघा’ असे सांगितलेले अनेकांना जमते.

बोलणे आणि भेटायला येणारे

उजवी बाजू गेलेल्या पुष्कळांची वाचाही जाते. त्यात एक प्रकार घरच्यांना फार गोंधळात पाडतो. बायकोचे नाव आठवत नाही, ‘पाणी’ म्हणता येत नाही, पण संध्याकाळी दिवा लावल्यावर माणूस ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ पूर्ण म्हणतो. मग कुणीतरी म्हणते, ‘बघा, येते त्यांना बोलता, मुद्दाम बोलत नाहीत.’ ते मुद्दाम नसते. पाठ असलेली आरती, रामरक्षा, पाढे, वारांची नावे ही मेंदूतून वेगळ्या वाटेने येतात. नवे वाक्य जुळवण्याची वाट बंद झालेली असू शकते. चालीत म्हणण्यापासून बोलण्यापर्यंत नेण्याची उपचारपद्धतही आहे, तिचे पहिले लेखन १९७३ सालचे आहे. घरच्यांनी आरती जरूर म्हणवून घ्यावी, पण तिच्यावरून त्याच्या बोलण्याची परीक्षा घेऊ नये.

बोलताना एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि तो हो-नाहीत उत्तर देता येईल असा असावा: ‘चहा घेणार की कॉफी, की नंतर?’ याऐवजी ‘चहा हवा?’ टीव्ही बंद करावा. मोठ्याने बोलू नये. कान गेलेले नाहीत. आणि भेटायला येणाऱ्यांना दारातच एक गोष्ट सांगावी, की ‘कसे आहेत आता?’ हा प्रश्न पलंगावरून पलीकडे सुनेला न विचारता थेट त्यांना विचारा आणि उत्तराची वाट पाहा. त्यांच्यादेखत ‘आता काय, देवाच्या हातात’ असे बोलणारे पाहुणे मी पाहिले आहेत, आणि शब्द हरवलेल्या माणसाच्या डोळ्यांतले पाणीही पाहिले आहे. कॅथेटर, डायपर, पडद्याआडचे पुसणे ही कामे करताना आधी सांगावे, अंग झाकावे, मग हात लावावा. बारा तासांच्या ड्यूटीवर ब्युरोकडून आलेल्या मावशींना किंवा मामांना पहिल्या दिवशी हे सगळे, विशेषतः खांद्याचे, करून दाखवावे. बदली आली की पुन्हा दाखवावे.

झटक्यानंतर साधारण तीनांतल्या एका रुग्णाला नैराश्य येते. आणखी एक वेगळा प्रकार आहे, ज्यात माणूस क्षुल्लक गोष्टीवर हमसून रडतो किंवा भलत्या वेळी हसतो आणि स्वतःच ओशाळतो; ते मेंदूच्या इजेचे लक्षण असते आणि त्यावर औषधे आहेत. ‘मन घट्ट करा’ हा उपदेश दोन्हींवर लागू पडत नाही. डॉक्टरांना सांगावे. शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीलाही आठवड्यातून एक दिवस घराबाहेर पाठवणे, मग ती सारसबागेत नुसती बसून येईना का, हे इतर भावंडांचे कर्तव्य आहे आणि ते फोनवरून पार पडत नाही.

नवे उपाय

मोबाइलवर रोज एक नवा उपाय येतो, त्यामुळे संशोधन कसे वाचावे याचे एक उदाहरण देते. २०११ साली फ्रान्समधल्या ११८ रुग्णांच्या चाचणीत फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीने हातापायांची ताकद अधिक सुधारल्याचे दिसले आणि ती गोळी सर्रास दिली जाऊ लागली. नंतर मोठ्या चाचण्या झाल्या. ‘फोकस’ या एकाच चाचणीत ३,१२७ रुग्ण होते. स्वावलंबनात फरक पडला नाही. नैराश्य कमी झाले, पण हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. स्टेम सेलच्या, म्हणजे नव्या पेशी तयार करू शकणाऱ्या मूळ पेशींच्या उपचारासाठी जमीन विकायला निघालेले एक कुटुंब मला भेटले होते. स्वतःच्या अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून देण्याची चाचणी भारतातच पाच केंद्रांवर १२० रुग्णांवर झाली, २०१४ साली तिचे निष्कर्ष आले: उपचार सुरक्षित ठरला, फायदा दिसला नाही. जो उपचार अजून प्रयोगावस्थेत आहे त्यासाठी रुग्णाकडून लाखो रुपये मागितले जात असतील, तर तिथेच थांबावे.

खऱ्या चाचणीत सहभागी व्हायला विचारले गेले तर ती भारतीय चाचणी नोंदणीत नोंदलेली आहे का हे विचारावे, संमतिपत्र मराठीत मागावे, ते घरी आणून वाचावे. नकार दिल्याने किंवा मध्येच बाहेर पडल्याने नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. वाचा गेलेल्या माणसालाही खुणांनी विचारावे. सही नातेवाइकाने करायची असली तरी अंग त्याचे आहे.

दुसरा झटका

एवढे सगळे करून रक्तदाबाची गोळी चुकली तर पाण्यात. ‘बीपी आता नॉर्मल आहे’ म्हणून गोळी बंद केलेले रुग्ण मला दरवर्षी दुसऱ्या झटक्यानंतर पुन्हा भेटतात. बीपी गोळीमुळे नॉर्मल असते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोग्रेस’ या ६,१०५ रुग्णांच्या चाचणीत रक्तदाब कमी करणाऱ्या औषधांनी पुन्हा झटका येण्याचा धोका २८ टक्क्यांनी घटला. पापड, लोणचे, फरसाण कमी करावे आणि तंबाखूबरोबर मिश्रीही सोडावी. मिश्री म्हणजे तंबाखूच आहे, हे अनेक घरांत अजून मान्य नसते.

तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे, अचानक तोल जाणे किंवा दिसेनासे होणे यांपैकी काहीही नव्याने दिसले तर तोंडात पाणी, साखर, ॲस्पिरिन काहीही घालू नये आणि झोपून बरे वाटेल म्हणून सकाळची वाट पाहू नये. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्यातला तासभर सीटी स्कॅन आणि पुण्याची वाहतूक घेते. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने निघावे, पण सीटी स्कॅनची चोवीस तास सोय असलेल्या रुग्णालयातच जावे; असे घराजवळचे रुग्णालय कोणते, हे आजच ठरवून ठेवावे. फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवावा: नाव, वय, चालू गोळ्या, रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल तर ते ठळक, आणि रुग्णालयाचे नाव. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील तो ‘माणूस शेवटचा नीट कधी दिसला?’ हा असेल. झटका कधी लक्षात आला ही वेळ त्यांना पुरणार नाही. म्हणून रात्री झोपताना त्या कागदावर वेळ लिहायची सवय लावावी. पेन्सिल दोरीने तिथेच बांधून ठेवली की सापडते.